जमिनीवर उच्चारलेली हाक

तंबूच्या मागच्या अंगाला ताई तरातरा निघाली होती ती भांडायलाच.

मध्यंतर झालं होतं. आत लाकडी बाकांवर तिचा अख्खा बालवर्ग तोंड पाडून बसला होता आणि शाळेतल्या मदतनीस मावशी मुलांना बिस्किटं वाटत होत्या. बाहेरच्या फलकावर आयाळ फुलवलेला सिंह होता, चेंडूवर उभा राहिलेला हत्ती होता, आगीच्या कड्यातून झेपावणारा वाघ होता. आत काय निघालं? बरगड्या वर आलेला एक घोडा, कोलांटी मारायची विसरून प्रेक्षकांचे बूट हुंगत बसणारं एक कुत्रं, आणि खोकून बेजार झालेला एक म्हातारा विदूषक. त्याला खोकल्याची उबळ आली तेव्हा मुलं आधी खदखदून हसली. पुन्हा आली तेव्हा जरा कमी हसली. मग वर्गातली सगळ्यात लहान मुलगी अख्ख्या तंबूला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "ताई, ते खोटं नाही खोकत!" या मुलीला सगळी शाळा लाडानं भोंगा म्हणायची. ती कानात कुजबुजली तरी पलीकडच्या गल्लीत ऐकू जायचं.

त्यानंतर कोणी हसलं नाही. छताला ठिगळं होती, आणि ठिगळांच्या शिवणीतून पाऊस आत भुरभुरत होता. निम्म्याहून जास्त बाकं रिकामी. "सिंह कधी येणार?" एकानं विचारलं, मग दुसऱ्यानं, मग सगळ्यांनीच गलका केला. ताई उठलीच.

मागे दोन खांबांमध्ये एक लोखंडी दांडी आडवी बसवली होती. तिथे ताडपत्रीच्या आडोशाला एक माणूस गुडघ्यांवर उलटा लटकला होता — हात खाली सोडून, डोळे मिटून, अगदी निवांत. घाईत वळलेली ताई त्याच्यावर आदळता आदळता राहिली. दोघांचे चेहरे समोरासमोर आले. फक्त त्याचा उलटा होता.

"अगं आई गं!"

त्यानं डोळे उघडले. उलट्या चेहऱ्यावरचं हसू आधी रडल्यासारखं दिसतं. नीट पाहिलं की मग उमगतं.

"घाबरलात?"

"मी? छे! मी... मी सिंहाबद्दल विचारायला आलेय."

"सिंह गेला."

"कुठे गेला?"

"गेला म्हणजे... वारला," तो गंभीरपणे म्हणाला. "म्हातारा होऊन, झोपेत. मी तेव्हा तुमच्या या पोरांएवढा होतो."

"मग फलकावर कशाला ठेवलाय त्याला?"

"चित्र अजून धडधाकट आहे ना!"

ताईनं ओठ आवळले. भांडायला आलेल्या माणसानं हसायचं नसतं. "हे बघा, उलट्या माणसाशी भांडता येत नाही. आधी सरळ व्हा."

"सरळ झालो की भांडाल?"

"नक्की."

"मग असाच बरा आहे मी."

शेवटी तो एक झोका घेऊन हलकेच जमिनीवर उतरला. उतरल्याचा आवाजसुद्धा झाला नाही. तळहात पांढऱ्या भुकटीनं माखलेले, मनगटांना पट्ट्या, आणि केस अजून वरच्या दिशेला उभे. "आधी थोडा वेळ असं लटकलं नाही ना, की वर गेल्यावर डोकं गरगरतं," तो म्हणाला. "आता माझं काम आहे. मी झेलतो."

"काय झेलता?"

"बहीण."

ताई हसली. हसायचं नाही असं ठरवलं होतं, तरी हसली.

"मुलांना सांगा, सिंह नाही, पण वटवाघूळ आहे. इथे मला सगळे तेच म्हणतात. तुम्हाला काय म्हणतात?"

"मुलं ताई म्हणतात."

"मी नाही म्हणणार."

"का बरं?"

"एक बहीण आहे मला. तेवढीच झेलताना जीव जातो माझा." त्यानं केसांवरून हात फिरवला, केस पांढरे झाले. "मी बाई म्हणेन. शाळेतल्या बाई."

मध्यंतरानंतर भावाबहिणीचा झोक्यांचा खेळ झाला. बहीण चणीनं इतकी लहान की तिला चिमणी म्हणत. ती एका झोक्याला धरून पुढे आली, समोरून दुसऱ्या झोक्यावर वटवाघूळ उलटं लटकून येत होतं, आणि वर कुठूनतरी एक आखूड हाक आली. तिनं दांडी सोडली. पाठमोरी. मागे न बघता. मुलं बाकांवरून अर्धी उठली... आणि दोन पांढऱ्या हातांनी तिची मनगटं धरली.

शाळेत परतताना ताईनं विचारलं, "कशी वाटली सर्कस?"

"वाईट," मुलं एका सुरात म्हणाली. मग भोंगा म्हणाली, "पण वटवाघूळ चांगलं होतं."

ताईला ते पटलं. जरा जास्तच पटलं.

*

मुलांनी दुसऱ्या दिवशी वटवाघळांची चित्रं काढली. एका चित्रात वटवाघळानं सिंहाला धरलं होतं. ही चित्रं पोहोचती करायला हवीत असं ताईनं स्वतःला सांगितलं. जायचं असलं की कारण सापडतंच. शाळा सुटल्यावर ती मैदानाकडे वळली.

दिवसाउजेडी सर्कस आणखीच केविलवाणी दिसत होती. तंबूच्या ताणदोऱ्यांवर चमकीचे झगे आणि साधे सदरे शेजारी शेजारी वाळत होते. मालमोटारींच्या मागच्या भागात फळ्या टाकून खोल्या केल्या होत्या. एका कुटुंबाला एक फळी, एक पत्र्याची पेटी, एक पडदा. म्हातारा विदूषक पायरीवर बसून गरम पाण्याची वाफ घेत होता. चिमणी मांडीवर ताणलेला मोजा घेऊन त्याला रफू करत होती. रफूवर पुन्हा रफू.

"या," चिमणी म्हणाली. "सिंहवाल्या बाई ना तुम्ही? दादा सांगत होता. अख्खं जेवण होईस्तोवर सांगत होता."

"चिमणे!" मालमोटारीमागून आवाज आला.

"बरं बाबा, अर्धं जेवण."

तिथे सर्कशीतल्या माणसांची मुलं मातीत खेळत होती. ती शाळेत कशी जाणार? शाळेत नाव घालेपर्यंत तंबू उठायचा. ताई खाली बसली, काडी घेतली आणि मातीत एक अक्षर काढलं. मुलं जमली. दुसऱ्या दिवशीही ती आली. मग रोजच येऊ लागली. गावात पाऊस रेंगाळला होता, रस्ते चिखलानं भरले होते, जड गाड्या हलवता येत नव्हत्या, म्हणून सर्कसही रेंगाळली होती. रिकाम्या बाकांसमोर खेळ चालूच होते.

वटवाघूळ मुलांच्या मागे पाय दुमडून बसायचं.

"तुम्हाला येतं ना लिहायला-वाचायला?" ताई विचारायची.

"येतं."

"मग इथे काय काम आहे?"

"अक्षर सुधारतोय."

"पाटी कुठे आहे?"

"बघून बघून सुधारतं काहींचं."

मुलं फिदीफिदी हसायची. ताईच्या कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या आणि मातीत काढलेलं अक्षर वाकडं व्हायचं. तिच्यासारख्या वळणदार अक्षराच्या बाईचं!

हळूहळू 'तुम्ही'चं 'तू' झालं. कधी झालं ते दोघांनाही सांगता आलं नसतं. तो तिला फाटकापर्यंत सोडायला येऊ लागला, मग वळणापर्यंत, मग घराच्या कोपऱ्यापर्यंत. एका छत्रीत दोघं, आणि छत्री अशी की तिचे दोन्ही खांदे कोरडे आणि त्याचा एक खांदा चिंब.

"छत्री नीट धर ना," ती म्हणायची.

"नीटच धरलीय."

तिच्या घरी दोन खोल्या होत्या आणि खिडकीशी पलंगावर वडील. नाना. आयुष्यभर मोठ्या बस चालवल्या आणि मग एका सकाळी डाव्या अंगानं दगा दिला. तेव्हापासून ताई त्यांना भरवायची, कुशीवर वळवायची, आणि त्यांच्या अडखळत्या बोलण्यातून शब्द वेचायची. नानांचं तोंड वाकडं झालं होतं, जीभ मात्र जागेवर होती.

"कोण... तो... उंच?" त्यांनी खिडकीतून पाहून विचारलं.

"सर्कशीतला आहे नाना. झोक्यावरचा."

नानांनी चांगला हात स्वतःच्या छातीवर ठेवला. मग म्हणाले, "जावई... सर्कशीतला? घरात... एक अस्वल... आहेच की."

"नाना!"

नाना अर्ध्या तोंडानं हसले. त्यांचं हसू पाहून खूप दिवस झाले होते.

*

आता एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्याभोवती फिरतं.

झोक्यावरून सुटणारी चिमणी पाठमोरी सुटायची. तिला भाऊ दिसायचाच नाही. त्याचा झोका नेमका कधी जवळ आलाय हे फक्त त्यालाच कळायचं. तो योग्य क्षणी हाक द्यायचा, आणि ती ऐकली की चिमणीनं विचार न करता दांडी सोडायची. विचार करायला गेलं की उशीर होतो. शिवाय तिनं त्याला पकडायला जायचं नाही. फक्त हात द्यायचे. पकडायचं काम त्याचं.

त्यांचे आईवडीलही झोक्यावरचेच. वडील झेलायचे, आई सुटायची. दोघंही आता नव्हते. पण त्यांनी घालून दिलेली एक रीत भावंडांनी पाळली होती — ती हाक जमिनीवर कधी उच्चारायची नाही. थट्टेतसुद्धा नाही. ती फक्त वर, आणि फक्त झेलणाऱ्याच्या तोंडून.

ताईला हे सगळं त्यानं एका संध्याकाळी सांगितलं. मागच्या आडव्या दांडीपाशी, पाऊस थांबलेला असताना. सगळं सांगितलं, हाक सोडून.

"पण हाक काय असते? मला तर नीट ऐकूच आली नाही त्या दिवशी."

"नाही सांगणार."

"का?"

"आत्ता तर सांगितलं. जमिनीवर म्हणायची नाही."

"मी काय कुणी परकी आहे?"

तिनं हे लाडीगोडीनं विचारलं. मान जरा वाकडी करून. आणि त्या माणसानं, ज्यानं आयुष्यात एकही हात निसटू दिला नव्हता, तिच्याकडे पाहिलं आणि...

"हुप्," तो म्हणाला. हळूच, तिच्या कानाशी.

"एवढंच? अरे, हे तर माकडाचं!"

"तेच. बाबा म्हणायचे, पोटातून येतं, तोंडातून नाही. आता विसरून जा."

पण अशी गोष्ट कोण विसरतं? आपल्या माणसानं आपल्याला दिलेली पहिली गोष्ट. कुणाला रुमाल मिळतो, कुणाला फूल. ताईला एक शब्द मिळाला होता. तो दिवसभर तिच्या जिभेवर घोळत राहायचा. शाळेच्या मैदानावर मुलं पायरीवरून वाळूत उड्या मारायची, आणि एके दिवशी ती सहज म्हणून गेली, "तयार? हुप्!" मुलांनी धडाधड उड्या टाकल्या. "आणखी, ताई, आणखी!" मग तो खेळच झाला. आणि सगळ्यात दणदणीत हुप् कुणाचं, हे सांगायला नकोच. मदतनीस मावशींनी कानात बोळे घातले.

हा शब्द कुठला, हे ताईनं मुलांना सांगितलं नाही. आणि मुलांना हा शब्द शिकवलाय, हे तिनं त्याला सांगितलं नाही. लपवायचं म्हणून नव्हे. ती आनंदात होती. आनंदात असलेल्या माणसाला चुकत असल्याचं कळत नाही, एवढंच.

आनंदाला कारणही तसंच होतं. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, शाळेत व्यायाम शिकवायला माणूस हवा आहे असं म्हटलं होतं. ताईनं धीर करून त्याचं नाव सुचवलं. त्यांनी त्याला बोलावलं, मैदानावरच्या दांडीवर त्याचं काम पाहिलं आणि म्हणाल्या, "मुलांना उलटं टांगणार नसाल तर या."

"मग?" ताईनं त्याला विचारलं. जिवाचा कान करून.

तो बराच वेळ मनगटाची पट्टी सोडत आणि गुंडाळत राहिला. "चिमणीशी बोलावं लागेल."

चिमणीशी बोलताना ताई तिथे नव्हती. पण नंतर चिमणी स्वतःच तिच्याकडे आली.

"घेऊन जा त्याला," ती म्हणाली. हातात रफूची सुई होती. "दुसऱ्या सर्कशीतून एक झेलणारा येतोय. मालक बोललेत त्याच्याशी. चांगला आहे म्हणतात."

"तुला चालेल?"

"मला काय... मला कोणीतरी झेललं म्हणजे झालं." ती हसली, आणि मग एकदम गंभीर झाली. "नवऱ्याला घोरताना उलटं टांगत जा. थांबतं लगेच. आजमावलेलं आहे."

दोघी खूप हसल्या. हसता हसता चिमणीनं तोंड फिरवलं आणि सुई पुन्हा मोज्यात घातली.

*

रस्ते वाळले. सर्कशीचं हलायचं ठरलं. शेवटच्या खेळाला ताईनं बालवर्गाला पुन्हा नेलं. मुलांनीच हट्ट धरला होता. वटवाघूळ आता त्यांच्या शाळेत येणार होतं ना! त्याचा शेवटचा झोका त्यांना बघायचा होता.

दुपारचा खेळ. बाकं नेहमीसारखी रिकामी. वाद्यवाला गेल्याच आठवड्यात सोडून गेला होता, त्यामुळे वर झोके हलू लागले तेव्हा तंबूत फक्त दोरांची करकर होती. चिमणीनं वरून हात हलवला. वटवाघूळ उलटं झालं. मुलं श्वास रोखून बसली. भोंगा ताईच्या मांडीवर होती, मुठी आवळून, डोळे विस्फारून.

चिमणी पुढे आली, मागे गेली, पुन्हा पुढे आली, वळली, पाठमोरी झाली —

"हुप्!"

तो आवाज ताईच्या मांडीवरून आला.

चिमणीचे हात सुटले.

तो अजून दूर होता. त्यानं सगळं अंग ताणलं. ताईनं ते पाहिलं, त्याची बोटं पाहिली, त्या बोटांच्या आणि चिमणीच्या मधली मोकळी हवा पाहिली. मग चिमणी खाली गेली. जाळी होती. पण ती मधोमध पडली नाही, कडेला पडली. जाळीच्या जाड दोरावर तिचा खांदा आपटला आणि ती मातीवर घरंगळली.

"पडली!" भोंगा ओरडली, आणि टाळ्या वाजवू लागली. तिला वाटलं, हाही खेळच आहे.

ताईनं तिला छातीशी घट्ट धरलं. टाळ्या थांबाव्यात म्हणून.

*

चिमणी वाचली. खांदा मात्र गेला. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी हाड जागेवर बसवलं, हात गळ्यात बांधला आणि स्पष्टच सांगितलं: हात चालेल, जेवता येईल, वेणी घालता येईल, पण डोक्याच्या वर पुन्हा नीट जाणार नाही. झोका विसरा.

ताई तिच्या खाटेजवळ बसली होती. चादरीची सुरकुती पुन्हा पुन्हा सरळ करत होती. शेवटी म्हणाली, "मी शिकवलं होतं मुलांना. खेळ म्हणून. मला..."

"कळलं मला," चिमणी म्हणाली. आवाजात राग नव्हता, तेच सोसवत नव्हतं. "आवाज दादाचा नाही हे कळलं गं मला. पण हात सुटल्यावर कळलं. डोक्याला उशिरा कळतं. हातांना लगेच कळतं. ती हाक दुसऱ्या कुणाच्या तोंडून कधी ऐकलीच नव्हती ना मी."

"तू माझ्याकडे चल. दोन खोल्या आहेत. नाना आहेत, मी आहे. तोही इथेच असेल. आपण सगळे..."

चिमणीनं मान हलवली. "तुझ्या घरात मी कोण? आजारी पाहुणी. तंबूत निदान मी चिमणी आहे. मालक म्हणाले, तिकिटं फाडायला बस. पण फळी मिळते ती खेळात काम करणाऱ्याच्या कुटुंबाला. तिकिटं फाडणारीला फळी नाही." ती भिंतीकडे बघत राहिली. "दादा विदूषकाचं काम करणार आहे. आजोबांच्यानं आता होत नाही. त्याच्या कामावर माझी फळी राहील."

"आणि नवा झेलणारा?"

"सुटणारी नसेल तर झेलणारा काय करेल? परत पाठवला त्याला."

ताई उठली. दारात तो उभा होता. किती वेळ उभा होता कोण जाणे.

*

तंबू उतरवताना फार विचित्र दिसतो. आधी कापड निजतं, मग खांब एकेक करून आडवे होतात, आणि शेवटी उरतं ते मातीतलं गोल. तिथेच मुलांना कधीकाळी सर्कस दिसली होती यावर विश्वास बसत नाही.

तो तिला त्या गोलाच्या कडेला भेटला. अंगात विदूषकाची ढगळ विजार होती, कारण त्याची एकुलती एक सदर्‍याची आणि विजारीची जोडी पेटीत बंद झाली होती. ती विजार त्याला आखूड होती. इतर वेळी ताई पोट धरून हसली असती.

"मी येणार नाही हे मोठ्या बाईंना सांगितलंस?" त्यानं विचारलं.

"नाही. फक्त वेळ मागितलाय. त्या थांबतील म्हणाल्या. एक-दोन महिने थांबतील. चिमणीचं जरा स्थिरस्थावर झालं की..."

"नाही बाई."

"तू रागावलायस माझ्यावर."

"राग?" तो खरोखर चकित झाला. "तू काय केलंस? तू मुलांना एक शब्द शिकवलास. शिकवणं तुझं कामच आहे. तो शब्द जमिनीवर मी आणला. बाबांनी मला एकच गोष्ट सांभाळायला दिली होती."

"मी मागितला म्हणून आणलास."

"तू चंद्र मागितला असतास तर कुठून आणला असता? हे माझ्याजवळ होतं, म्हणून दिलं." तो हसायला गेला, जमलं नाही. "मला फार द्यावंसं वाटत होतं गं काहीतरी."

वारा आला. दोघांच्या मधून मैदानातली धूळ गेली. तिनं त्याचे हात पाहिले. आज त्यांवर भुकटी नव्हती. भुकटी नसली की ते हात कुणाही माणसाच्या हातांसारखे दिसायचे.

"एक सांगू?" तो म्हणाला. "माझा जीव जडलाय तुझ्यावर. पहिल्या दिवसापासून. तू उलटी दिसत होतीस तेव्हापासून."

ज्या वाक्याची मुली वाट बघतात ते वाक्य हेच. ताईनंही वाट पाहिली होती. ते या उजाड मैदानात, अशा विजारीत उभ्या असलेल्या माणसाकडून येईल असं तिला वाटलं नव्हतं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

"मग राहा ना," ती म्हणाली. "मी मालकांशी बोलेन. चिमणीची समजूत घालेन. तिच्या पाया पडेन. नाहीतर... नाहीतर मी येते."

"आणि नाना?"

तिनं वळून घराच्या दिशेला पाहिलं.

"आणि फक्त चिमणी एकटी पडेल म्हणून जातोय असंही नाही," तो हळूहळू म्हणाला, शब्द शोधत. "खरं सांगतो. तू समोर आलीस ना, की मला ती खाली जाताना दिसते. दर वेळी. आत्ताही. आज दिसतंय तरी तुझ्याकडे बघावंसं वाटतंय. पण असंच चाललं ना, तर एक दिवस मी तुझ्याकडे बघणं टाळायला लागेन. एका घरात राहून. तो दिवस यायच्या आधी जातो मी."

"असं नाही होणार..."

"माझं काम काय होतं? कधी सुटायचं ते सांगायचं." त्यानं रिकामे तळहात एकमेकांवर घासले. "मला कळतं ते."

तिनं हात पुढे केले. त्यानं ते धरले, मनगटापाशी, जसे तो धरायचा. किती वेळ धरले हे पुढे तिला कधीच आठवलं नाही. मालमोटारीचं इंजिन सुरू झालं. पुढे बसलेली चिमणी दुसरीकडे बघत होती, मुद्दामच. त्यानं हात सोडले. आवाज न करता फळीवर चढला आणि पडदा ओढला गेला.

घरी नाना खिडकीशी जागेच होते.

"गेला?"

"गेला."

नानांनी चांगला हात पुढे केला. तिनं त्यावर डोकं टेकलं. त्या दिवशी नानांनी स्वतःच्या हातानं जेवायचा प्रयत्न केला. अर्धं सांडलं, पण तिनं ताट त्यांच्यापुढून ओढून घेतलं नाही.

*

दुसऱ्या दिवशी शाळा भरली. मैदानावर पायऱ्यांपाशी मुलं ताईची वाट बघत होती. ती आज म्हणाली, "आपण दुसरं काहीतरी खेळू." मुलांना तेही चाललं. मुलांना नवं काहीही चालतं.

मधल्या सुट्टीत भोंगा तिच्या पदराशी आली. एका पायावर उभी राहिली, मग दुसऱ्यावर. नेहमी धाडधाड बोलणारी पोर आज दबकत होती.

"ताई... ती वरची ताई पडली ना. तिला लागलं होतं का?"

ताईनं तिच्याकडे पाहिलं. दुधाचे दात, एका बाजूला सुटलेली रिबीन, गालावर वाळू. हिनं काय केलं हे हिला ठाऊक नव्हतं. ते ठाऊक असलेली जगात चार माणसं होती. तिघांना घेऊन मालमोटार केव्हाच निघून गेली होती: तो, त्याची बहीण, आणि त्या दिवशी तंबूत ती हाक कुठून आली ते ओळखलेले, पायरीवर खोकत बसणारे विदूषक आजोबा. चौथी इथे उभी होती. आणि हे ओझं या पोरीच्या खांद्यावर कधी जाऊ द्यायचं नाही, हे त्या चौथीनं त्या क्षणी ठरवलं. ही मोठी होईल, हिला मुलं होतील, तरी नाही.

"लागलं होतं थोडंसं," ताई म्हणाली. तिनं खाली बसून भोंगाची रिबीन बांधायला घेतली, म्हणजे चेहरा दिसणार नाही. "आता बरी आहे ती. पुन्हा झोक्यावर जायला लागली."

"खरंच?"

"खरंच."

भोंगाचा चेहरा उजळला. रिबिनीची गाठ पुरी बसायच्या आतच ती ताईच्या हातांतून सुटली आणि आपल्या त्या दणदणीत आवाजात मैदानभर सगळ्यांना ओरडून सांगत सुटली —

"ती बरी झाली! ती बरी झाली!"

सगळी मुलं टाळ्या वाजवू लागली. ताई गुडघ्यांवर तशीच बसून राहिली, आणि तिनंही वाजवल्या.